सिएनाचे मागचे तीन प्लग

आमच्या २०१२च्या टोयोटा सिएनाला सहा स्पार्क प्लग आहेत. पुढचे तीन बॉनेट उघडलं की हाताशी असतात. मागचे तीन मात्र मी इतक्या वर्षांत पाहिलेसुद्धा नव्हते. इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे व्ही-सिक्सची (तीन-तीन सिलिंडरच्या दोन ओळींच्या इंजिनाची) एक ओळ रेडिएटरकडे आणि दुसरी काचेखालच्या पत्र्याच्या भिंतीकडे. त्या मागच्या ओळीवर इंजिनाला हवा पुरवणारं इन्टेकचं भलंमोठं धूड बसलेलं, आणि त्याच्याही वर वायपरच्या खालचा पत्रा पुढे आलेला. इथे न्यू जर्सीत एका वर्कशॉपने सहाही प्लग बदलायचे सातशेच्या वर डॉलर सांगितले. त्यात प्लगची किंमत शंभरच्या आसपास होती. बाकी सगळी मजुरी.

ती मजुरी प्लग फिरवण्याची नसते. प्लग काढून नवे लावायला वीस मिनिटं पुरतात. पैसे लागतात ते तिथपर्यंतची वाट मोकळी करायला आणि ती जशीच्या तशी परत लावायला. म्हणून या लेखात प्लगबद्दल थोडं आणि वाटेबद्दल जास्त आहे. पाना धरता येत असेल आणि एक अख्खा शनिवार मोकळा असेल, तर हे घरी जमतं. गाडी जॅकवर चढवावी लागत नाही, पेट्रोलच्या दाबाच्या नळीला हात लावावा लागत नाही. नवख्याच्या दृष्टीने या दोन मोठ्या जमेच्या बाजू.

हे वर्णन टोयोटाच्या २जीआर-एफई या साडेतीन लिटरच्या इंजिनाचं आहे. सिएनात ते २००७ ते २०१६ या मॉडेल-वर्षांत होतं. हायलँडर, व्ही-सिक्स कॅमरी, लेक्ससची आरएक्स ३५० आणि ईएस ३५० यांतही त्या काळात हेच इंजिन आहे. आजूबाजूची मांडणी गाडीगणिक बदलते, पण मागच्या ओळीचं दुखणं तेच. चार सिलिंडरची गाडी असेल तर तुम्ही सुखी आहात, चारही प्लग सहसा वरच असतात. हा लेख वाचायची गरज नाही.

आधी ठरवा, गरज आहे का?

कंपनीच्या वेळापत्रकात हे इरिडियमचे प्लग १ लाख २० हजार मैलांवर बदलायचे आहेत. त्याआधी कुणी 'ट्यून-अप'च्या नावाखाली बदलायला सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्यानंतर मात्र चालढकल नको. प्लगची टोकं झिजली की फट वाढते, ठिणगी उडवायला प्लगच्या डोक्यावर बसलेल्या कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लगच्या नादाने कॉइलही जाते.

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर काहीही उघडण्याआधी गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचून घ्या. ऑटोझोनसारख्या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात फुकट वाचून देतात. स्वतःचं छोटं यंत्र वीस-तीस डॉलरला मिळतं. पी०३०१ ते पी०३०६ या कोडमधला शेवटचा आकडा म्हणजे मिस मारणारा (नीट न पेटणारा) सिलिंडर. या इंजिनात १, ३, ५ मागे आणि २, ४, ६ पुढे. बेल्टच्या बाजूने मोजायचे. पी०३०४ आला तर चारची कॉइल दोनवर लावून बघा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा. ही अदलाबदल पुढच्या ओळीत पाच मिनिटांची आहे. पण कोड मागच्या सिलिंडरचा असेल, तर एक कॉइल आधीच आणून ठेवा. तेवढ्यासाठी सगळं दुसऱ्यांदा उघडायची वेळ येऊ नये.

सामान

प्लग इंजिनाला लावून आले होते तेच घ्या: डेन्सो, नंबर एफके२०एचआर११. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटरची फट. तरीही मॅन्युअल उघडून आपल्या वर्षाचा नंबर एकदा ताडून पाहा. ऑनलाइन बाजारात या प्लगच्या हुबेहूब नकला फिरतात, म्हणून चार डॉलर जास्त गेले तरी दुकानातून किंवा डीलरच्या खिडकीवरून घ्यावेत असं माझं मत आहे. फट कंपनीतच बांधून येते. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून बघायला हरकत नाही, पण इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं. त्याला टेकून पट्टी वाकवायला जाऊ नका. खोक्यातला एखादा प्लग खाली पडला तर तो गेला असं समजा. आतल्या चिनी मातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

इन्टेकच्या वरच्या भागाचं गास्केट (सांध्यातून हवा शिरू न देणारी पट्टी) नवं घ्या. थ्रॉटल बॉडी (इन्टेकच्या तोंडावरची हवेची झडप) काढणार असाल तर तिचंही.

हत्यारं: १६ मिलिमीटरची प्लगची गोटी (सॉकेट), आत चुंबक असलेली. ३/८ इंची रॅचेट, तीन आणि सहा इंची एक्स्टेन्शन, आणि कोपऱ्यातून वळणारा जॉइंट. १०, १२, १४च्या गोट्या. ८ मिलिमीटरची अ‍ॅलन गोटी; हिच्याशिवाय काम अडतं आणि साध्या सेटमध्ये ती नसते. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा). हा नसेल तर विकत घेऊ नका, ऑटोझोनमधून अनामत ठेवून उसना आणा, परत केला की पैसे परत मिळतात. डोक्याला लावायचा दिवा, लांब दांडीचं चुंबक, मास्किंग टेप, धागे न सुटणारी स्वच्छ फडकी, आणि एक फूटभर रबरी नळी जी प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल.

बोल्ट ठेवायला मी जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या: वायपर, पत्रा, हवेचा पाइप, थ्रॉटल, मागचे ब्रॅकेट, इन्टेक, कॉइल. वाट्या भरल्या त्याच्या उलट क्रमाने रिकाम्या करायच्या. याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही. तो डबा अर्थात आता स्वयंपाकघरात परत येत नाही.

आदल्या दिवशी: पुढचे तीन

सगळं एकाच दिवशी करू नका. शुक्रवारी संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, फक्त पुढचे तीन बदला. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण वर ओढून निघतं. खाली तीन कॉइल दिसतात, प्रत्येकीला १०चा एक बोल्ट आणि तारांचा एक कपलर. कॉइल कशी निघते, प्लग सुटताना हाताला काय जाणवतं, नवा आट्यात कसा बसतो, हे सगळं इथे डोळ्यांसमोर शिकून घ्या. उद्या तेच अर्धं आंधळेपणाने करायचं आहे.

कपलरची जीभ उष्णतेने बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. आधी कपलर आत ढकला, मग जीभ दाबा, मग ओढा. माझ्याकडून घाईत एक तुटली. कॉइल काढताना सरळ ओढू नका. आधी डावी-उजवीकडे थोडी पिळा, रबराची पकड सुटते.

प्लग काढण्याआधी त्याच्या विहिरीत, म्हणजे तो ज्यात बसतो त्या खोल भोकात, हवा मारा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो. विहिरीत तळाशी बसलेली वाळू प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये जाते. विहिरीत तेल साचलेलं असेल तर वरच्या कव्हरची सीलं गेली आहेत. ते वेगळं काम आहे, पण कळलेलं बरं.

इंजिन थंडच हवं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग उपटला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतात. सुटायला कडक वाटला तर जोर वाढवू नका. पाव वेढा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. पुढे-मागे करत आणा.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकाला खोचा आणि विहिरीत उतरवा. नळीनेच फिरवा, आधी उलट दिशेने. आट्यांची तोंडं जुळली की बारीकसं 'टक' जाणवतं. मग सुलट. प्लग वाकडा लागत असेल तर नळी हातात पिळली जाते आणि प्लग जागचा हलत नाही. रॅचेटने हा इशारा कधीच मिळत नाही. सगळे आटे नळीनेच बसले पाहिजेत. त्यानंतर गोटी आणि टॉर्क पाना, १८ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण १३ फूट-पाउंड. टॉर्क पाना नसेलच तर वायसर टेकल्यानंतर अर्धा वेढा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) लावू नका. प्लगवर आधीच मुलामा असतो. वंगण लावलं की त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

जुने प्लग अंड्यांच्या पुठ्ठ्यात नंबर घालून ठेवा आणि टोकं बघा. फिकट तपकिरी असतील तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा. ओलं काळं म्हणजे तेल वर येतंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं म्हणजे तो सिलिंडर जास्त तापतोय. माझे सगळे तपकिरी होते, फक्त फट वाढलेली.

गाडी चालू करून बघा. नीट चालली तर उद्याचं काम करायला तुम्ही तयार आहात.

शनिवार: वाट मोकळी करणं

वायपर काचेवर जिथे विसावतात तिथे मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टेप विसरलात तर शेवटी वायपर एकमेकांत अडकतात.

वायपरच्या बुडाशी टोपी, तिच्याखाली १४चा नट. नट निघतो, पण वायपरचा हात दात्यांवर जाम बसलेला असतो. गंजावरचं तेल मारून दहा मिनिटं थांबा, मग बाजूला हलवत वर उचला. बॅटरीचं टर्मिनल ओढायचा छोटा पुलर असेल तर उत्तम.

मग काचेच्या बुडाशी बसलेलं काळं प्लास्टिकचं काउल. काठाचं रबर, काही क्लिपा, आणि काचेखाली खोचलेला आकडा. थंडीत हे प्लास्टिक तडकतं, म्हणून जानेवारीत हे काम काढू नका. काउल उचललं की पूर्व किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीत जे सापडतं ते सापडेल: मेपलची कुजलेली पानं, पाइनच्या सुया, आणि आमच्याकडे तर खारीने साठवलेली ओकची फळं. ती पूर्ण उपसा, पाणी जायची भोकं मोकळी करा, व्हॅक्यूम फिरवा. हे स्वच्छतेचं वेड नाही. थोड्या वेळाने याच जागेच्या खाली इंजिनाची सहा भोकं उघडी असणार आहेत.

वायपरची मोटर तिच्या दांड्यांसकट एका तुकड्यात निघते: १०चे बोल्ट आणि एक कपलर. त्याखाली पत्र्याचा मोठा तुकडा, त्यालाही १०चेच बोल्ट, दोन्ही कोपऱ्यांत दडलेले धरून. पत्रा अडला तर ओढू नका, एखादा बोल्ट नक्की राहिलाय. तो निघाला की पहिल्यांदाच मागची बाजू उजेडात येते.

माझे बाबा त्या वेळी पुण्याहून आले होते. गराजमध्ये खुर्ची टाकून बसले होते, गोट्या हातात देत. त्यांनी मारुती ८००चे तीन प्लग कॉलनीच्या फाटकापाशी उभं राहून, डिकीतल्या पान्याने, चहा निवायच्या आत बदललेले. पत्रा निघालेला पाहून म्हणाले, "अगं, प्लग बदलतेयस की गाडी मोडीत काढतेयस?"

इन्टेक

आता सावकाश. आधी चारही बाजूंनी फोटो. हवेचा पाइप क्लॅम्प सोडून काढा, फिल्टरच्या डब्याजवळचं सेन्सरचं कपलर सोडायला विसरू नका. इन्टेकला येणाऱ्या प्रत्येक नळीला आणि तिच्या तोटीला एकाच नंबराची टेप लावा. ब्रेकच्या बूस्टरची जाड नळी, पेट्रोलच्या वाफेची बारीक नळी, क्रँककेसची नळी. जुनी रबरी नळी सरळ ओढली तर फाटते. आधी पक्कडीने हलकेच पिळून सुटी करा.

थ्रॉटल बॉडीत कूलंटच्या दोन नळ्या येतात. त्या काढल्या तर कूलंट सांडतो. मी त्या काढल्याच नाहीत. थ्रॉटल बॉडीचे बोल्ट सोडले आणि ती नळ्यांसकट बाजूला दोरीने टांगली. कूलंट सांडलाच तर लगेच पुसा. गोड वास असतो, आणि कुत्र्या-मांजरांना तो विषारी आहे.

मग खरी परीक्षा. इन्टेकच्या पाठीला, भिंतीच्या बाजूने, आधाराचे ब्रॅकेट आहेत, १२च्या बोल्टचे. ते दिसत नाहीत. डोक्याचा दिवा उपयोगाचा नाही, कारण डोकं तिथे जात नाही. आधी पान्याशिवाय नुसता हात घालून बोल्टचं डोकं चाचपा, बोटांना ती जागा पाठ होऊ द्या. मग गोटी बोटांनीच बोल्टवर बसवा, एक्स्टेन्शन नंतर जोडा. फोन पालथा खाली धरून व्हिडिओ काढला की बोल्ट कुठल्या कोनात आहे ते कळतं. गोटीत कागदाचा कपटा कोंबला तर सुटलेला बोल्ट गोटीतच अडकून वर येतो. माझा इथे पाऊण तास गेला, आणि १०ची एक गोटी गेली ती कायमचीच. बोल्ट पडला तर चिडू नका, पण तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. चुंबक घेऊन खालच्या प्लास्टिकच्या तबकापर्यंत शोधा.

पाठ मोकळी झाली की वरचे बोल्ट ८च्या अ‍ॅलनने आणि दोन नट १२च्या गोटीने सोडा. कडेपासून मध्याकडे, थोडे थोडे. इन्टेक सरळ वर उचला. अडला तर हिसका नको. एखादी नळी नाहीतर तारेची क्लिप राहिलेली असते.

उचलल्या क्षणी खाली सहा भोकं उघडी दिसतील. ती थेट व्हॉल्व्हकडे जातात. त्यात पडलेला वायसर म्हणजे हेड उतरवायचं काम. प्रत्येक भोकात एक फडकं खोचा, वरून रुंद टेप मारा, आणि किती फडकी घातली तो आकडा हाताच्या पाठीवर लिहा. बाहेर काढताना तोच आकडा आला पाहिजे. शर्टाच्या खिशातलं पेन काढून ठेवा.

मागचे तीन

इथपर्यंत आलात तर हा भाग काल केलेलाच आहे. कॉइल पिळून वर, विहिरीत हवा, थंड प्लग पुढे-मागे करत बाहेर, नवा नळीने आत, मग १८ न्यूटन-मीटर. फरक एवढाच की तुम्ही गाडीवर आडवे ओणवलेले असता. फेंडरवर जुनी गोधडी टाका, पोटाला आणि रंगाला दोघांनाही बरं. टॉर्क पान्याला वळता जॉइंट लावावा लागला तर तो शक्य तितका सरळ धरा. कोन वाढला की आकडा खोटा होतो.

कॉइलच्या रबरात आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवा, पुढच्या वेळी ती चिकटणार नाही. १०चा बोल्ट हलका, १० न्यूटन-मीटर. कपलर बसल्याचा आवाज तीनदा ऐका.

परत लावणं

टेप काढायच्या आधी तिच्यावरून व्हॅक्यूम फिरवा. फडकी मोजा. जुनं गास्केट काढून दोन्ही पृष्ठभाग पुसा. पत्र्याने खरवडू नका, खरवडलेल्या रेघेतून हवा शिरते. नवं गास्केट खोबणीत बसवा, इन्टेक ठेवा, सगळे बोल्ट आधी हाताने लावा. पाठीमागचे ब्रॅकेटचे बोल्टही आत्ताच, सैल. वरचे आधी घट्ट केलेत तर मागची भोकं जुळत नाहीत. मग मध्याकडून कडांकडे दोन-तीन फेऱ्यांत आवळा: बोल्ट १८, नट १६ न्यूटन-मीटर. शेवटी ब्रॅकेट.

नळ्या नंबराप्रमाणे, थ्रॉटल, हवेचा पाइप, सेन्सरचं कपलर. पत्रा लावण्यापूर्वी बॅटरी जोडून गाडी चालू करा. फिल्टरचा डबा आणि पाइप जोडलेले हवेत, पण काउल, वायपर अजून बाहेरच. काही चुकलं असेल तर आत्ता हात जातो.

पहिली दोन-चार मिनिटं आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वर-खाली होईल. बॅटरी सुटल्यामुळे संगणक नव्याने शिकतो. शिट्टीसारखा आवाज आला तर कुठेतरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा एखादी नळी नुसती टेकवलेली असते. हाच दोष नंतर पी०१७१ आणि पी०१७४ या कोडच्या जोडीने दिसतो, म्हणजे दोन्ही ओळींत हवा जास्त. मिसफायरचा कोड आला तर त्या नंबराचं कपलर आधी बघा, प्लगला दोष नंतर.

मग पत्रा, मोटर, काउल. मोटर जोडली की वायपरचे हात बसवायच्या आधी ती एकदा चालवून बंद करा, म्हणजे मोटर आपल्या विसाव्याच्या जागी थांबते. तेव्हाच वायपरचे हात टेपच्या खुणेवर बसवा. सरकत्या दारांचं आणि खिडक्यांचं ऑटो बंद पडलं असेल तर मॅन्युअलमध्ये ते परत चालू करायची कृती आहे, दोन मिनिटांची.

हाउसिंग असोसिएशनचे नियम आधी वाचा. अनेक ठिकाणी ड्राइव्हवेत गाडी उघडायला मनाई असते. आमच्याकडे आहे, म्हणून सगळं गराजचं दार अर्धं ओढून केलं. इंजिन मात्र दार पूर्ण उघडून, गाडी बाहेर काढूनच चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघा आणि गाडीखाली गुलाबी डाग आहे का तेही. पातळी उतरली असेल तर टोयोटाचा गुलाबी कूलंटच भरा. सर्व्हिसच्या वहीत तारीख आणि मैल लिहा, आणि कंसात "मागचेही" असं लिहून ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिला प्रश्न हाच विचारेल.